पडद्याच्या पलीकडची बाजू

मी, बायकांचे आतले कपडे मापाने बेतून शिवणारा, लग्न न झालेला, तिशीच्या अलीकडचा, आज दुकानाचे दार लोटून, पोटभर जेवून, अंगात ताप नसताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी सकाळी बेतलेले तुकडे दुपारी पुन्हा मापून पाहिले. ते बरोबर निघाले. याआधी एक कच्चे मृत्युपत्र केले होते, ते खाडाखोडीमुळे फाडून टाकले. त्याचा एखादा कपटा मशीनखाली सापडल्यास तो धरू नये.

उद्या सकाळी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. बेतायचे टेबल एकट्याने सरकवताना हे दुखणे झाले. डॉक्टर म्हणाले, "अहो, परवा घरी बसून चहा प्याल तुम्ही. मृत्युपत्र कसलं करताय? बाहेर कळलं तर माझ्याकडे पेशंट यायचे बंद होतील."

त्यांच्यावर राग नाही. पण माझे वडीलही अशाच किरकोळ ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, मशीनवर अर्धी शिवण तशीच ठेवून, आणि परत आले नाहीत. त्यांनी कागद केलेला नव्हता. घरातले रडणे थांबायच्या आत दोन्ही काका आले. मशीनचे डोके मोठ्या काकांनी नेले आणि पाय धाकट्या काकांनी. दोघांचेही म्हणणे एकच, "भावाची आठवण म्हणून." डोके मोठ्या काकांच्या कपाटावर धूळ खात बसले. पायांवर धाकट्या काकांनी फरशी टाकून फुलझाडाची कुंडी ठेवली. माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, दर रविवारी आधी एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे जाऊन नुसती बसायची. चहा दिला तरी प्यायची नाही. आधी पाय परत आले. डोके यायला फार वेळ लागला. तोवर तिने सगळे काम हाताने शिवले.

म्हणून हा कागद. माझ्या पश्चात कोणत्याही वस्तूचे डोके एकीकडे आणि पाय दुसरीकडे जाऊ नयेत. पुढे एका कलमात जागा कोरी ठेवली आहे. ती भरली गेली नाही तर बाकीची कलमे असून नसल्यासारखी आहेत, कारण मग दुकानच राहणार नाही. ते कलम आले की सांगेन.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा थोरल्या दादाला द्यावा. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, वीज कंपनीत आहे. "धाकटा काय करतो?" असे कोणी विचारले की तो "होजिअरीत आहे" असे सांगतो. लहानपणी त्याला शाळेत पोरांनी फार छळले होते, तेव्हा हे मी मनावर घेत नाही. अट एकच आहे. दुकानाची पाटी बदलावी. आत्याने रंगाऱ्याला सांगितले होते, "बायकांचे आतले कपडे मापाने शिवून मिळतील, असं लिही." रंगारी म्हणाला, "बाई, याच रस्त्याने माझी मुलं शाळेत जातात." त्याने 'महिला वस्त्र भांडार' लिहिले आणि निघून गेला. तेव्हापासून लोक आमच्याकडे टॉवेल मागायला येतात. नवी पाटी दादाने स्वतः उभे राहून, आत्याच्या शब्दांत रंगवून घ्यावी. अक्षरे आधी पेन्सिलीने काढून पाहावीत.

कलम २. पुढच्या बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी, तिच्या चिमट्यांसह, माझ्या पुतणीला द्यावी. ती कॉलेजात जाते. वहिनी आतले कपडे टॉवेलाखाली झाकून मागच्या बाजूला वाळत घालतात. तसे वाळवले की ते नीट सुकत नाहीत, इलास्टिक लवकर जाते आणि अंगाला पुरळ येते. पुतणी सगळे सरळ पुढच्या दोरीवर, उन्हात घालते. यावरून घरात बोलाचाली होते. वहिनी म्हणाल्या, "समोरचे लोक काय म्हणतील?" पुतणी म्हणाली, "समोरचे लोक नागडे हिंडतात का?" मी तेव्हा गप्प बसलो, कारण दोघींचेही मला पटत होते. आता लिहून ठेवतो. त्या दोरीवर काय, कसे आणि टॉवेलाशिवाय घालायचे, हे फक्त पुतणीने ठरवावे.

कलम ३. पोस्टातली शिल्लक पुतणीच्या शिक्षणाला द्यावी. दादाने त्यातून मोटारसायकल घेऊ नये.

कलम ४. मशीन, डोके आणि पाय मिळून एक वस्तू समजावी. मोठ्या काकांनी आठवण म्हणून काही मागितल्यास त्यांना तेलाची कुपी द्यावी.

कलम ५. आता दुकानाची रीत सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

आमच्या दुकानाच्या मधोमध जाड निळा पडदा आहे. पलीकडे माप घेणारी बाई असते आणि अलीकडे बेतणारा. पलीकडे आत्या होती, अलीकडे आधी वडील आणि आठवीनंतर मी. माप घेताना आत्याने कधी आकडा उच्चारला नाही. टेपसुद्धा वापरली नाही. तिच्याकडे कागदाच्या लांब पट्ट्या असत. अंगाभोवती पट्टी धरायची आणि जिथे टोक येईल तिथे कात्रीने खाच पाडायची. एक छातीची, एक तिच्या खालची, एक खांद्याची, एक पाठीची. आत्या म्हणायची, "आकडा ऐकला की बाई पोट आत घेते." मग गिऱ्हाइणीने पेटीतली आवडेल ती चिंधी निवडायची, आत्या ती पट्टीच्या टोकाला टाचायची आणि पट्टी पडद्याखालून माझ्याकडे सरकवायची. नाव नाही, आकडा नाही. मी चिंधीवरून ओळखतो आणि पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला लावतो. पुढच्या वेळी नवी पट्टी, जुनीच्याच खिळ्यावर.

त्यामुळे मला आमच्या गिऱ्हाइणी आवाजाने आणि पट्टीने ठाऊक आहेत, चेहऱ्याने नाहीत. एकदा भाजीच्या दुकानात एका बाईंशी मी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला. दुसऱ्या दिवशी पडद्यामागून तोच आवाज आला, "काल एका मेल्याने माझं डोकं खाल्लं." मी दिवसभर तोंड उघडले नाही. त्यांचा कपडा मात्र फार जपून शिवला.

माझ्या पश्चात प्रत्येक खिळ्यावरचा जुडगा ज्या बाईची चिंधी आहे तिला परत करावा. ओळख पटायला बायकांना स्वतःची चिंधी बरोबर आठवते. ज्या आता हयात नाहीत आणि ज्यांच्या मागे कोणी येणार नाही, त्यांच्या पट्ट्या जाळाव्यात. दादाने त्या उलगडून पाहू नयेत. त्यात लेकरे होऊन गेलेली दिसतात, आजार दिसतात, म्हातारपण खाचेखाचेने जवळ येताना दिसते. ते ज्याचे त्याने पाहायचे असते.

कलम ६. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले नमुने शिवणशाळेला द्यावेत. अट अशी की ते उलटे करून, आतली बाजू बाहेर ठेवून मांडावेत. खरे काम आत असते. बाहेरून सगळेच बरे दिसते.

सर्वांत जुना आहे तो पोलादी पट्ट्या घातलेला, पाठीवर नाडीने आवळायचा. हे दुकान आत्याच्या आत्याने काढले. तिला मोठी आत्या म्हणत. ती असले कपडे बंगल्यातल्या बायकांसाठी शिवायची. तो घालायला दुसरे माणूस लागते, कारण स्वतःच्या पाठीची नाडी स्वतःला आवळता येत नाही. ज्या घरात मोलकरीण, त्या घरात असला कपडा.

मग गावाबाहेर काडेपेट्यांचा कारखाना निघाला आणि मुली कामाला लागल्या. त्यांतली एक भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. ती येऊन म्हणाली, "मला असलाच हवा, पण बांधायला माझ्या घरी कोणी नाही." मोठ्या आत्याने नाडी काढून टाकली, पुढे हुकांची रांग लावली आणि हात वर करता यावेत म्हणून पट्ट्या निम्म्या केल्या. बंगल्यातल्या बायका तो नमुना पाहून नाके मुरडत. पुढे लढाई लागली, मोलकरणी कारखान्यात गेल्या आणि बंगल्यातल्या बायकाही हळूच येऊन पुढचे हूक मागू लागल्या. मोठी आत्या त्यांना सांगायची, "हूक मिळतील, पण रांगेत उभं राहावं लागेल. पुढे कारखान्यातल्या बसल्यात."

लढाईच्या दिवसांत कापड मिळेना, तेव्हा पिठाच्या पिशव्यांचे शिवले. पेटीतल्या नमुन्याच्या पाठीवर 'उत्तम बारीक मैदा' हा शिक्का अजून वाचता येतो. कितीही धुतले तरी तो गेला नाही.

टोकदार वाट्यांचा, गोलगोल शिवणींचा नमुना आत्याच्या तरुणपणातला. सिनेमात तसा आकार दिसला आणि मुली मागू लागल्या. एक आई मुलीचा कपडा घेऊन भांडायला आली, "हे काय शिवून दिलंत? दारातून आधी हे येतं, मग माझी मुलगी येते." पुढच्या आठवड्यात तीच आई एकटी आली आणि पडद्यामागे बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून शेवटी म्हणाली, "माझ्या मापात बसेल का हो तसलं?"

काळ्या लेसचा एकच आहे. तो पोस्टमास्तरांच्या बायकोचा. त्या आता हयात नाहीत आणि मागे दुखावले जाईल असे कोणी नाही, म्हणून लिहितो. तेव्हा आमच्याकडे पांढऱ्याशिवाय रंग नव्हता. त्यांनी काळा शिवून घेतला, पैसे दिले आणि घरी नेलाच नाही. आत्याला म्हणाल्या, "नेईन हो, पण वाळत कुठे घालू?" मग त्या मधूनमधून येत, पडद्यामागे तो घालून, वरून आपले नेहमीचे कपडे चढवून आत्याशी गप्पा मारत बसत आणि जाताना काढून ठेवत. धुणे आत्या करायची. शिवणशाळेने हा नमुना खिडकीजवळ, उन्हात ठेवावा.

त्यानंतरचे नमुने नाहीत. त्यानंतर पुठ्ठ्याच्या खोक्यातला तयार माल आला, वर हसऱ्या बाईचा फोटो, आणि बहुतेक बायका तिकडे गेल्या. खोक्यात जे मावत नाही ते आमच्याकडे येते.

कलम ७. हे कलम ज्यांच्याविषयी आहे त्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे. मला सातवीत शिकवणाऱ्या बाई आत्याच्या शेवटच्या वर्षी दुकानात आल्या. आवाज मी लगेच ओळखला. पडद्याखालून पट्टी आली, तिच्यावर छातीची खाच एकाच बाजूने घेतलेली होती. दुसऱ्या बाजूला आत्याने कागद सरळ ठेवला होता, कारण ती बाजू ऑपरेशनात गेली होती. मी पट्टी हातात धरून बसलो. आत्या पलीकडून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सावकाश बेत हो. घाई नाही."

रिकाम्या बाजूला कापसाची गादी भरली तर ती हलकी होते आणि चालताना वर सरकते. मी आत मोहरी भरली, म्हणजे वजन येते, अंगाची ऊब धरते आणि वाकले की ती हलते. पहिल्यांदा घातल्यावर बाईंनी विचारले, "दोन्ही खांदे सारखे दिसतात का हो?" आत्या म्हणाली, "आरसा तुमच्यासमोरच आहे." मग बाई पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ अजून नीट लिहितोस ना रे?" मी हो म्हणालो. त्या पुढच्या सोमवारपासून शाळेत जाऊ लागल्या.

तेव्हापासून त्यांच्यासारख्या बायका लांबून येतात. एकमेकींना सांगतात. मोहरी धुऊन, वाळवून, दुहेरी कापडात कशी भरायची ते मी वेगळ्या कागदावर काढून मशीनच्या खणात ठेवले आहे. ते कोणीही शिकू शकेल. शिकता येत नाही ते पुढच्या कलमात आहे.

कलम ८. पडद्याची पलीकडची बाजू.

आत्या गेल्या वर्षी गेली. तिचा शेवटचा कपडा मीच शिवला, पुढे मोठाले हूक लावून, कारण तिची बोटे थरथरायला लागली होती. ती गेल्यावर पडद्यामागे कोणी राहिले नाही. मी माप घेतले तर एकही बाई येणार नाही, आणि येऊही नये. दुकान बंद करायचे ठरवून मी कुलूप आणायला गेलो, तेव्हा शेजारच्या बटणांच्या दुकानातली बटणवाली म्हणाली, "थांब, मी घेत जाईन माप. माझं दुकान काय पळून जातंय?" तिच्या वडिलांपासून ते बटणांचे, हुकांचे, लेसचे दुकान आहे आणि आमचे सगळे सामान तिथूनच येते. गिऱ्हाईक आले की मी घंटी वाजवतो, ती आपल्या दुकानाला साखळी लावून मागच्या दाराने पडद्यामागे येते.

पट्टी तिला लवकर जमली. हात मात्र गार. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईण किंचाळली, "अगं बाई, बर्फ विकतेस की बटणं?" आत्या माप घेण्याआधी गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसायची. गार हात लागला की अंग आखडते आणि आखडलेल्या अंगाचे माप चुकते. तेव्हापासून घंटी वाजवण्याआधी मी पेला गरम पाण्याने भरून पलीकडच्या फळीवर ठेवतो. एकदाही विसरलेलो नाही.

मोहरीच्या गादीसाठी येणारी बाई पलीकडे काय बोलते, किती वेळ गप्प बसते आणि केव्हा रडते, ते बटणवालीला कळते. ती तेव्हा काहीही विचारत नाही, बटणे मोजल्याचा आवाज करत राहते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. ती उद्या लग्न करून गेली, किंवा तिला आपल्याच दुकानाचे पुरे झाले, तर आमच्याकडे येणाऱ्या बायकांनी कोणाकडे जायचे, या विचाराने मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती वाटते. पण ती शेजारधर्म म्हणून येते. शेजारधर्मावर मला हक्क सांगता येत नाही. ती स्वतः तर आमची गिऱ्हाईणही नाही, खोक्यातला तयार माल घेते. म्हणून,

पडद्याची पलीकडची बाजू, आरसा, चिंध्यांची पेटी, आत्याची कात्री आणि पेला, हे सर्व ................ यांना द्यावे.

कलम ९. साक्षीदार दोन असावेत. कोर्टाबाहेर बसणारे अर्जनवीस काका यांनी मला नीट समजावले आहे की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातले काही मिळत नाही. मिळणार असेल तर त्याचा वाटा बुडतो. एक साक्षीदार ते स्वतः. दुसऱ्या सहीसाठी मी बटणवालीला निरोप दिला, कारण गल्लीत तिचीच सही वाचता येण्यासारखी आहे. पुढे जे झाले ते याच कागदात नोंदवणे भाग आहे, कारण त्यामुळे कलम ८ बदलले.

तिने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली, मग स्टूल ओढून घेतले.

"मास्तर, हर्नियाच आहे ना रे? की मला खोटं सांगितलंयस?"

"हर्नियाच आहे."

"मग एवढी पानं?"

"वडिलांच्या वेळी..."

"माहीत आहे. तुझ्या काकांकडची कुंडी पाहिलीय मी."

दोरीच्या कलमाला ती हसली. पोस्टमास्तरांच्या बायकोपाशी हसू थांबले. पेल्यापाशी तिने बोट ठेवले.

"हे पाणी तू ठेवतोस? मला वाटायचं चहावाला ठेवून जातो."

"तो फुकट गरम पाणी कशाला ठेवेल?"

"तेच तर मला वर्षभर कळत नव्हतं."

मग ती कोऱ्या जागेपाशी आली.

"ही कोरी का?"

"कोणाला द्यायचं ते ठरलं नाही."

"ठरलं नाही, की लिहवलं नाही?"

मी टेबलावरचा खडू सरळ करून ठेवला.

"बरं. सही कुठे करायची?"

"इथे. माझ्या सहीच्या खाली."

"आणि सही केली की मला यातलं काही मिळायचं नाही."

"नाही. अर्जनवीस काका म्हणाले, वाटा बुडतो."

तिने पेनाला टोपण लावले आणि पेन माझ्यासमोर ठेवले.

"मग मी नाही करत सही."

"का?"

"तू आधी ती कोरी जागा भर. सहीला चहावाल्याला बोलाव, त्याला नाहीतरी तुझ्याकडून कधी काही मिळत नाही." असे म्हणून ती पडदा बाजूला करून पलीकडे गेली. पडदा पुन्हा सरळ झाल्यावर तिकडून म्हणाली, "आणि स्पेलिंग नीट बघ. माझं नाव तू बिलावर नेहमी बरोबर लिहितोस, आता घाबरून चुकवशील."

कलम ८, सुधारलेले. पडद्याची पलीकडची बाजू आणि तिच्यासोबतच्या सर्व वस्तू शेजारच्या बटणवालीला द्याव्यात. कोऱ्या जागेत तिचे नाव भरले आहे आणि दोनदा तपासले आहे. हे माझ्या पश्चात लागू राहील. ऑपरेशन ठीक झाल्यास माझ्या हयातीतही लागू राहील. दुकानाची अलीकडची बाजू, म्हणजे टेबल, मशीन आणि मोहरीचा डबा, मी नसल्यास तिलाच मिळावी, म्हणजे दुकानाचे डोके आणि पाय एका ठिकाणी राहतील. दादाने यात बोलू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अर्जनवीस काकांनी करावी. सर्व पाने त्यांना वाचून दाखवली आहेत. त्यांनी दोन ठिकाणी चष्मा पुसला आणि कायद्याच्या दृष्टीने हरकत नसल्याचे सांगितले.

लिहून ठेवणार : सही, शिंपी.

साक्षीदार पहिला : सही, अर्जनवीस. माझ्यासमक्ष लिहिणाऱ्याने सही केली. डोके ठिकाणावर होते, चष्मा पुसून खात्री केली.

साक्षीदार दुसरा : सही, चहावाला. मला यातून काही मिळत नाही हे समजून सही केली आहे. मागची उधारी वेगळी.

ठिकाण : दुकानात, पडद्याच्या अलीकडे.
दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुकान बंद करण्यापूर्वी.

सह्यांनंतर मजकूर जोडू नये, असे अर्जनवीस काका म्हणाले आहेत. हे मृत्युपत्रात धरू नये, माझ्यासाठी लिहीत आहे. वरची शाई वाळत असताना पडद्याखालून एक पट्टी आली. टोकाला चिंधी नाही, मोत्याचे बटण टाचले आहे. छातीची खाच बरोबर, खालची बरोबर, खांद्याची बरोबर. पाठीची चुकली आहे, कारण ती एकटीला घेता येत नाही. मी तिला पडद्यातून तसे सांगितले.

"मग ये परवा लवकर," ती म्हणाली.

पट्टी मी नव्या खिळ्यावर लावली आहे. तो कपडा बेतायचा राहिला आहे.